घरच्या धनुष्याची टोकं किती वळवायची? रिकर्व्ह मोठा केला की बाण जोरात जातो का, ते सोप्या भाषेत

२०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्या गोव्यात भरल्या, मग २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये हरविंदर सिंगने रिकर्व्ह, म्हणजे वळलेल्या टोकांच्या धनुष्याच्या प्रकारात सुवर्णपदक आणलं. अशी बातमी आली की घरोघरी पोरांना धनुष्य हवं असतं, दुकानातलं महाग पडतं आणि सत्तरी-डिचोलीकडे बांबूला काही तोटा नाही, म्हणून मग व्हिडिओ बघून परसात धनुष्य बनवणं सुरू होतं. साधं सरळ धनुष्य जमलं की पुढची पायरी ठरलेली, टोकं पुढच्या बाजूला वळवायची. कॅलेंडरवरच्या रामाच्या धनुष्याची टोकं वळलेली, दशावतारातल्या अर्जुनाच्या धनुष्याची वळलेली, ऑलिंपिकमधली पण वळलेलीच. माझ्या भाच्याचा सरळ हिशेब होता, "मामा, थोडी वळवली तर बाण जोरात जातो ना, मग अजून मोठी वळवली तर अजून जोरात जाणार."

हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. उत्तर अर्धं हो आहे आणि अर्धं नाही, आणि ते अर्धं नाही कुठून येतं ते कळलं नाही तर माणूस आठवडाभर खपून आधीपेक्षा मंद धनुष्य बनवतो. म्हणून पहिल्यापासून नीट बघूया.

## धनुष्य नेमकं करतं काय

तुम्ही दोरी मागे ओढता तेव्हा हाताची मेहनत धनुष्याच्या दोन बाहूंमध्ये साठते, बाहू म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग. दोरी सोडली की बाहू परत सरळ व्हायला धावतात, दोरी ओढतात आणि साठलेली ऊर्जा बाणाला देतात. तेव्हा बाणाचा वेग दोनच गोष्टींवर ठरतो. किती ऊर्जा साठली, आणि त्यातली किती खरोखर बाणाला मिळाली. पुढचं सगळं या दोन प्रश्नांभोवतीच फिरतं.

पूर्ण ताणल्यावर दोरी हाताला किती जोराने मागे खेचते त्याला ड्रॉ वेट म्हणतात आणि ते पौंडात मोजतात. ३५ पौंड म्हणजे साधारण १६ किलो. आता बऱ्याच लोकांना वाटतं की ड्रॉ वेट सारखं असलं की दोन धनुष्यं सारखीच, पण तसं नाही, कारण शेवटी किती जोर लागला एवढंच महत्त्वाचं नसतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्येक इंचाला किती जोर लागत गेला त्या सगळ्याची बेरीज म्हणजे साठलेली ऊर्जा. सुरुवातीलाच घट्ट लागणारं धनुष्य सुरुवातीला ढिलं असणाऱ्या धनुष्यापेक्षा जास्त साठवतं, मग शेवटचा आकडा दोघांचा ३५ का असेना.

## वळलेल्या टोकाचा फायदा कुठून येतो

रिकर्व्ह म्हणजे बाहूचं टोक तिरंदाजापासून लांब, निशाण्याच्या दिशेला वळवणं. घरी जे बनतं ते बहुतेक स्टॅटिक रिकर्व्ह असतं, म्हणजे वळलेला भाग कडक ठेवतात, ताणताना तो स्वतः वाकत नाही, वाकतं ते त्याच्या मागचं लाकूड. दुसरा प्रकार वर्किंग रिकर्व्ह, त्यात वळणसुद्धा ताणताना उलगडतं, पण त्याला फायबरग्लाससारखं साहित्य लागतं, नुसत्या लाकडात किंवा बांबूत ते टिकवणं फार कठीण. म्हणून इथे स्टॅटिकबद्दलच बोलतो.

दोरी चढवलेलं असं धनुष्य हातात घेऊन बघा. दोरी टोकावरच्या खाचेतून निघते आणि लगेच मोकळी होत नाही, वळणाच्या तिरंदाजाकडच्या बाजूवर काही सेंटिमीटर टेकून राहते आणि मग सुटते. म्हणजे धनुष्याच्या दृष्टीने दोरी त्या टेकलेल्या जागेपासूनच बांधलेली आहे, बाहू तेवढा आखूड झाला. आखूड बाहू वाकवायला कठीण, म्हणून पहिल्या काही इंचांतच दोरी घट्ट लागते. मग ताणत गेलात की दोरी वळणावरून हळूहळू उचलली जाते आणि एका क्षणी फक्त खाचेवर राहते. आता बाहू पूर्ण लांबीचा झाला, तरफ लांब झाली, आणि शेवटचे दोन-तीन इंच, जिथे सरळ धनुष्य एकदम जड व्हायला लागतं, तिथे हे मऊ राहतं.

आकड्यात सांगायचं तर ३५ पौंडाचं सरळ धनुष्य अर्ध्या ओढीवर सतरा-अठरा पौंड दाखवतं, चांगला स्टॅटिक रिकर्व्ह तिथेच वीस-एकवीस दाखवू शकतो. शेवटी दोन्ही ३५. पण मधली बेरीज रिकर्व्हची जास्त, म्हणजे साठलेली ऊर्जा जास्त. भाच्याचं अर्धं म्हणणं इथे खरं ठरतं.

## मग तोटा कुठे होतो

आंबे काढायचा झेला सगळ्यांनी हातात धरलाय. लांब काठी, टोकाला जाळी. जाळी रिकामी असताना झेला या फांदीवरून त्या फांदीवर पटकन फिरवता येतो. जाळीत दोन आंबे पडू देत, काठी तीच, हात तेच, पण आता फिरवायला घेतली की सुरू व्हायला वेळ लागतो आणि थांबवायला त्याहून जास्त त्रास. तेच दोन आंबे मुठीजवळ काठीला बांधले असते तर काही कळलंही नसतं. टोकाचं वजन टोकाला आहे म्हणूनच जड पडतं.

धनुष्याचं टोक हेच जाळीतलं वजन. दोरी सुटल्यावर मुठीजवळचा भाग जेमतेम हलतो, मधला थोडा हलतो आणि टोक सगळ्यात लांब पल्ला सगळ्यात वेगाने कापतं. वेग दुप्पट झाला की तेवढंच वजन हलवायला चौपट ऊर्जा लागते, म्हणून मुठीजवळचे पाच ग्रॅम आणि टोकावरचे पाच ग्रॅम यांची तुलनाच होऊ शकत नाही. आणि टोकाला पळवायला लागणारी ऊर्जा येते कुठून? त्याच साठ्यातून, ज्यातून बाणाला मिळणार असते.

इथे एक खरी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धवट राहील. टोकांना दिलेली सगळी ऊर्जा वाया जात नाही. दोरी सरळ होत येते तशी टोकं थांबायला लागतात आणि थांबताना त्यांच्यातली बरीच ऊर्जा दोरीतून बाणाकडे जाते. पण सगळी जात नाही. बाण सुटून गेला तरी टोकांत जी उरते ती धनुष्य थरथरवते आणि मनगटाला झटका देते. जड टोकांच्या धनुष्यातून बाण सोडला की मुठीत जो धक्का बसतो तो म्हणजे बाणाला न मिळालेली ऊर्जा.

हा हिशेब सोपा करायला अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी १९४० च्या दशकात एक छान युक्ती वापरली. ते म्हणाले, असं समजा की धनुष्याला स्वतःचं काही वजनच नाही, फक्त बाणाला एक अदृश्य वजन चिकटलंय जे बाणाबरोबर त्याच वेगाने पळतं. त्याला व्हर्च्युअल मास म्हणतात, मी पुढे लपलेलं वजन म्हणतो. बाहू, टोकं, दोरी, लाकडात जिरणारी ऊर्जा, सगळं त्या एका आकड्यात आलं. टोकं जड केली की हा आकडा वाढतो.

## आता आकडे घालून बघू

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत, पण घरच्या ३५ पौंडाच्या धनुष्याला शोभतील असेच धरलेत. ओढ २८ इंच, बाण २३ ग्रॅमचा. ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात, १०० ग्रॅमची वस्तू एक मीटर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो.

साधं सरळ धनुष्य, बारीक टोकं, ४३ ज्यूल साठवतं आणि लपलेलं वजन १८ ग्रॅम. गणित असं की ऊर्जेची दुप्पट घ्यायची, बाण आणि लपलेलं वजन मिळून किलोत जे होतं त्याने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. ८६ भागिले ०.०४१, वर्गमूळ काढलं की सेकंदाला ४५.८ मीटर, म्हणजे ताशी १६५ किलोमीटर.

त्याच धनुष्याला मोठी, जाडजूड वळलेली टोकं लावली. साठा वाढून ४८ ज्यूल झाला, चांगली गोष्ट, पण लपलेलं वजन २८ ग्रॅम झालं. वेग आला ४३.४, म्हणजे ताशी १५६. साठा बारा टक्के वाढला आणि बाण मंद झाला! जे लोक म्हणतात की एवढी मेहनत करून काही फरक पडला नाही किंवा उलटंच झालं, त्यांच्याकडे बहुतेक हेच घडलेलं असतं.

तिसरं, टोकं तशीच वळलेली पण तासून बारीक केली. साठा तोच ४८, लपलेलं वजन २०. वेग ४७.३, ताशी १७०. म्हणजे वळण तेच, ड्रॉ वेट तेच, बाण तोच, आणि जाड टोकं व बारीक टोकं यांच्यात ताशी चौदा किलोमीटरचा फरक. मला विचाराल तर या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. वळणाने जे कमावलं ते टोकाच्या वजनात घालवायचं नाही.

## "मोठं टोक" म्हणजे लांब, रुंद, जाड की जास्त वळलेलं?

टोकाचा आकार मोठा म्हणताना लोक चार वेगळ्या गोष्टी एकत्र करतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

रुंदी आणि जाडी आधी बघू, कारण सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फायदा इथे आहे. टोक कडक हवं, बरोबर? कडकपणा रुंदीच्या पटीत वाढतो पण जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो, वजन मात्र दोन्हींनी सारखंच वाढतं. समजा टोक २० मिलिमीटर रुंद आणि १० जाड आहे. कडकपणाचा आकडा २० गुणिले १०००, म्हणजे २०,०००. आता रुंदी निम्मी करून १० घ्या आणि जाडी १३ करा. १० गुणिले २१९७, म्हणजे २१,९७०. आधीपेक्षा कडकच. आणि वजन? आधी २० गुणिले १० म्हणजे २००, आता १० गुणिले १३ म्हणजे १३०. पस्तीस टक्के हलकं झालं, कडकपणा एक कणही न घालवता. म्हणूनच जुन्या चांगल्या धनुष्यांची टोकं समोरून बघितली तर अरुंद आणि बाजूने बघितली तर उंच, मधोमध कणा काढल्यासारखी दिसतात.

याला मर्यादा आहे हेही सांगतो. अरुंद उंच टोक आडव्या बाजूला लेचंपेचं होतं, वरच्या उदाहरणात आडवा कडकपणा सहापट कमी झाला. दोरी जरा जरी मधून सरकली तर टोक पिळलं जातं आणि दोरी उडते, ताणलेल्या धनुष्याची दोरी उडणं फार वाईट. म्हणून वळणाच्या तिरंदाजाकडच्या बाजूला दोरीसाठी उथळ चर काढायचा आणि तासताना मधूनमधून दोरी चढवून ती बरोबर मधोमध पडते का ते बघायचं.

आता लांबी. इथे एक सोपी कसोटी आहे जी कुणी करत नाही. धनुष्य भिंतीला टांगून, दोरी कप्पीवरून खाली ओढून, तुमच्या पूर्ण ओढीपर्यंत ताणा आणि बाजूने फोटो काढा. दोरी वळणावरून पूर्ण उचलली गेली का? पूर्ण ताणल्यावरही दोरी वळणाला टेकलेली असेल तर खाचेपर्यंतचा तो पुढचा भाग तुम्ही नुसता वाहून नेताय, त्याची तरफ तुम्हाला मिळालीच नाही. तेवढं टोक कापून खाच मागे आणली तर काही न गमावता वजन कमी होतं. उलट दोरी चढवल्यावर ती वळणाला कुठे टेकतच नसेल तर ते वळण तेवढं कामाचं नाही, शेवटचे इंच थोडे मऊ होतील इतकंच.

कोनाचंही तसंच. जास्त वळवलं की दोरी जास्त वेळ टेकून राहते, साठा वाढतो, पण पिळण्याचा धोका आणि टोक व बाहू जुळतात त्या सांध्यावरचा ताण दोन्ही वाढतात. पहिल्यांदा करताय तर ४० ते ४५ अंशांच्या आसपास राहा असं मी सांगेन.

## वाकायला जागा किती उरली?

ही गोष्ट वेगाच्या गप्पांत कायम सुटते. समजा धनुष्य १५० सेंटिमीटरचं. मुठीचा कडक भाग २० गेला. दोन्हीकडे १० सेंटिमीटरची कडक टोकं ठेवली तर वाकायला प्रत्येक बाजूला ५५ सेंटिमीटर उरतात. टोकं २० ची केली तर उरतात ४५. ओढ तीच २८ इंच. म्हणजे आता कमी लाकडाला जास्त वाकायचंय.

लाकूड काय करतं? एक तर तुटतं, किंवा कायमचं वाकतं. दोरी काढून ठेवली तरी धनुष्य सरळ होत नाही, थोडा बाक राहतोच. तो बाक म्हणजे सुरुवातीच्या इंचांतला घट्टपणा गेला, आणि रिकर्व्हची सगळी कमाई त्या सुरुवातीच्या इंचांतूनच तर येत होती! एका हाताने आलं आणि दुसऱ्या हाताने गेलं. म्हणून मोठी टोकं हवीच असतील तर धनुष्य आधी लांब घ्या, १६५ किंवा १७०, आणि लांब बाहू म्हणजे पुन्हा वजन वाढणार हे लक्षात ठेवा. आखूड धनुष्याला आखूड टोकं.

## "मग मांचू लोकांच्या धनुष्याची टोकं एवढी प्रचंड कशी?"

हा आक्षेप हमखास येतो आणि तो अगदी रास्त आहे. चीनच्या छिंग राजवटीतल्या मांचू धनुष्यांची टोकं खूप लांब असतात, वर दोरी टेकायला वेगळा उंचवटा पण असतो. ते लोक काय मूर्ख होते?

अजिबात नाही. त्यांचे बाण बघा, मीटरभर लांब, जाड, जड. आपल्याच उदाहरणातल्या त्या जाड टोकांच्या धनुष्यावर २३ ऐवजी ६० ग्रॅमचा बाण लावून बघू. सरळ धनुष्य देतं ३३.२, जाड टोकांचं देतं ३३. फरक जवळजवळ संपला. ८० ग्रॅमचा लावला तर सरळ २९.६ आणि जाड टोकांचं २९.८, म्हणजे आता मोठ्या टोकांचं धनुष्य पुढे गेलं. कारण बाणच एवढा जड की लपलेल्या वजनाचे दहा ग्रॅम त्यापुढे किरकोळ, आणि जास्तीचा साठा मात्र पूर्ण कामी येतो.

उलट बाजूला तुर्की धनुष्यं. इस्तंबूलच्या ओकमैदानात लांब पल्ल्याच्या स्पर्धा चालायच्या, बाण अगदी हलके, आणि त्यासाठी धनुष्य आखूड, टोकं लहान आणि बारीक. आपल्या हिशेबात १५ ग्रॅमचा बाण घेतला तर सरळ धनुष्य ५१, जाड टोकांचं ४७.३ आणि बारीक टोकांचं ५२.४. बाण जेवढा हलका तेवढी जड टोकाची शिक्षा मोठी.

तेव्हा टोक केवढं हवं हा प्रश्न बाणाचं वजन सांगितल्याशिवाय पूर्णच होत नाही. घरी आपण सहसा बांबूच्या बारीक काठीचे किंवा विकतच्या फायबरच्या नळीचे बाण वापरतो, म्हणजे वीस ते तीस ग्रॅम. त्यांना मांचू टोक शोभत नाही. आणि कुणी ३५ पौंडाच्या धनुष्यावर दहा-बारा ग्रॅमची काडी लावून वेग वाढवायला जात असेल तर त्याला थांबवा. बाण फार हलका असला की न गेलेली ऊर्जा धनुष्यातच राहते आणि बाण न लावता दोरी सोडली तर सगळीच राहते. जड टोकांचं धनुष्य असं रिकामं सोडलं तर चिकटवलेला सांधा उखडून टोक डोळ्याशी येऊ शकतं. रिकामी दोरी कधीच सोडायची नाही, मुलांना हे पहिल्या दिवशी शिकवा.

## "ऑलिंपिकमधली धनुष्यं तर सगळी रिकर्व्हच असतात!"

असतात, आणि त्यांचा बाण ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो, सत्तर मीटरवरच्या निशाण्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं असतं. पण ते बाहू कार्बन आणि फायबरग्लासचे, आत लाकूड किंवा फोम. ते साहित्य इतकं कडक आणि हलकं की वळणही स्वतः उलगडतं आणि टोक बोटाएवढं बारीक ठेवता येतं. म्हणजे त्यांनीही तेच केलंय, वळण ठेवलं आणि वजन काढलं. आपण लाकडात फक्त वळणाची नक्कल करतो आणि वजनाची करत नाही, तिथे चुकतं.

प्लास्टिकच्या पाइपचं धनुष्य बनवणाऱ्यांनी तर हे जास्तच लक्षात ठेवावं. पीव्हीसी बांबूच्या जवळपास दुप्पट जड असतं, पाइपचं टोक गरम करून चपटं करून वळवलं की दिसायला झकास पण टोकाशी भरपूर माल राहतो. कडेने कापून अरुंद केल्याशिवाय ठेवू नका, आणि गरम करताना उघड्यावर करा, जळलं तर धूर विषारी असतो.

## गोव्याच्या पावसाळ्यात काय होतं

परदेशी व्हिडिओत सांगतात तसं केलं तरी आपल्याकडे बिघडतं याचं एक कारण हवा. जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणा ८५-९० टक्के असला की उघड्यावरचं लाकूड हळूहळू सतरा ते वीस टक्के पाणी धरतं, धनुष्याला मात्र नऊ-दहा टक्क्यांच्या आसपासचं सुकं लाकूड हवं असतं. ओलं लाकूड जड होतं, मऊ होतं, कायमचा बाक लवकर धरतं, आणि वाफेवर वळवलेलं टोक हळूहळू उलगडायला लागतं.

म्हणून दोन गोष्टी. वाफ देऊन वळवायचं काम उन्हाळ्यात करा, साधारण एक इंच जाडीला एक तास वाफ हा जुना अंदाज आहे, म्हणजे बारा-तेरा मिलिमीटरच्या टोकाला अर्धा तास. साच्यावर बांधून आठवडाभर तरी सुकू द्या. मग वळणाच्या तिरंदाजाकडच्या बाजूला सागाची पातळ पट्टी चिकटवा, तीन-चार मिलिमीटर पुरे, तीच वळणाला धरून ठेवते. शिसवासारखं जड लाकूड दिसायला सुंदर पण टोकाला नको, वापरायचंच तर खाचेपुरता लहान तुकडा. बांबू असेल तर कोरड्या आचेवरही वळतो, आमच्याकडचा माणगा चांगला, जवळजवळ भरीव असल्यामुळे टोकाला जाडी मिळते, पण करपवू नका.

पावसात धनुष्य दोरी उतरवून ठेवा. जुन्या घरात चुलीच्या वर माळा असतो तिथली जागा उत्तम, धूर आणि ऊब दोन्ही मिळतात. नसेल तर बंद कपाटात एक छोटा बल्ब लावून ठेवला तरी चालतं.

## वेग मोजायचा कसा, मशीन नसताना

नुसतं बघून ताशी दहा किलोमीटरचा फरक कळत नाही, आवाजावरून तर नाहीच, जड टोकांचं धनुष्य जास्त दणका देतं म्हणून जोरदार वाटतं. मोजायलाच हवं, आणि फोन पुरेसा आहे.

स्लो मोशन व्हिडिओ सगळे सुचवतात, पण २४० फ्रेमच्या व्हिडिओत आपला बाण एका फ्रेममध्ये १९ सेंटिमीटर पुढे जातो, चार मीटरच्या अंतरात वेगवान आणि मंद धनुष्यात जेमतेम एक-दोन फ्रेमचा फरक येतो. त्यापेक्षा आवाज रेकॉर्ड करा. फोन तिरंदाजाच्या पायाशी, निशाणा बरोबर वीस मीटरवर, मागे मातीचा बांध किंवा गोणी रचलेल्या. रेकॉर्डिंग कुठल्याही ऑडिओ ॲपमध्ये उघडलं की दोरीचा एक उंचवटा दिसतो आणि बाण रुतल्याचा दुसरा. मधला वेळ मोजा, त्यातून ०.०५७ सेकंद वजा करा, कारण धप्प आवाजाला वीस मीटर परत यायला तेवढा वेळ लागतो. उरलेल्या वेळाने वीसला भागा. सरळ धनुष्याला साधारण ०.४३७ सेकंद, जाड टोकांच्या धनुष्याला ०.४६१, चोवीस मिलिसेकंदांचा फरक स्क्रीनवर स्पष्ट दिसतो. हवेच्या अडथळ्यामुळे आकडा थोडा कमी येईल, पण तुलना करायला तो दोन्हीकडे सारखाच. दरवेळी तोच बाण, तेवढीच ओढ, आणि आठ-दहा बाणांची सरासरी घ्या, एका बाणावर काही ठरवू नका.

आणि टोकाला रंधा लावायच्या आधी एक प्रयोग कराच. तांब्याची तार सोनाराच्या काट्यावर किंवा घरच्या डिजिटल काट्यावर पाच-पाच ग्रॅम मोजून घ्या, दोन्ही टोकांना खाचेच्या जरा खाली घट्ट गुंडाळा, वरून टेप मारा, डोळ्याला चष्मा लावा आणि परत वेग मोजा. वजन वाढवल्यावर वेग बराच उतरला तर तुमच्या धनुष्याला टोकाचं वजन भोवतंय, तेव्हा तार काढून टोकांच्या कडा तासायला घ्या, दर वेळी थोडंसं, दोन्ही बाजूंना सारखं, आणि अधूनमधून मोजत राहा. वेग जवळपास तेवढाच राहिला तर टोकांना हात लावू नका. अशा वेळी बहुतेक दोरी फार जाड असते किंवा बाहूने बाक धरलेला असतो, आणि काम तिथे करावं लागतं.